जेट्टीवरून प्लवक पाहताना: कोकणच्या समुद्राचं वर्ष कसं वाचायचं

जवळा तुम्ही खाल्ला असेल. कांद्यावर परतलेला, भाकरीबरोबर, किंवा आगोटीला बेगमी म्हणून डब्यात भरून ठेवलेला. म्हणजे प्लवकांशी तुमची ओळख जुनीच आहे, फक्त कुणी नावानिशी करून दिली नव्हती. जवळा हा कोळंबीचा लहानगा भाऊबंद. धारेविरुद्ध त्याचं फारसं चालत नाही, म्हणून डोल लावून नाखवा नुसता बसला तरी भरती-ओहोटीच्या ओढीने तो आपसूक जाळ्यात येतो. पाणी नेईल तिकडे जाणारं जे जे जिवंत, ते प्लवक. व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली त्यांना ग्रीक शब्दावरून ‘प्लँक्टन’ असं नाव दिलं. उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना किंवा एकमेकांना खाणारे ते प्राणिप्लवक.

हा लेख ज्याच्याजवळ एक जेट्टी, एक बादली आणि एक वर्ष आहे अशा माणसासाठी आहे. प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, कारण एका दिवसाच्या बरणीतून जवळजवळ काहीच कळत नाही.

आधी युरोपचं पंचांग बाजूला ठेवा

प्लवकांवरचं कुठलंही परदेशी पुस्तक उघडा, पहिल्याच प्रकरणात वसंतातला बहर भेटतो. हिवाळ्यात अंधार, वसंतात ऊन वाढलं की वनस्पतिप्लवक उसळतात, मग त्यांना खाणारे वाढतात, असं ते चित्र. उत्तर अटलांटिकसाठी ते खरं आहे. आपल्याकडे ते लावायला गेलात तर पहिल्याच वर्षी गोंधळ होईल. रत्नागिरीला उन्हाची टंचाई कधी असते? फक्त पावसाळ्यात, तीही ढगांनी आणि गढूळ पाण्याने.

आपल्या समुद्रात टंचाई असते ती खताची. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका हा सगळा माल खालच्या थंड पाण्यात पडून असतो आणि ऊन वरच्या पाण्यात. दोघांची गाठ घालून देण्याचं काम वारा आणि नद्या करतात. वारा फिरला की वर्ष फिरतं. म्हणून तुमच्या वहीत ‘उन्हाळा, पावसाळा, हिवाळा’ अशा तीन खान्यांपेक्षा चार खाने करा: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे जून ते सप्टेंबर, त्यानंतरचा ऑक्टोबर, ईशान्येच्या कोरड्या वाऱ्याचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वारा पडलेले मार्च ते मे. ऑक्टोबरला एकट्याला वेगळा खाना का, ते पुढे येईलच.

जाळं आणि बाकीचं सामान

प्रयोगशाळेचं जाळं महाग पडतं. त्यापेक्षा स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. तिथे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं जाळीदार कापड धाग्यांच्या संख्येवर मिळतं. सेंटिमीटरला १२० धागे असलेल्या कापडाची भोकं साधारण ४५ ते ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, ४३ धाग्यांच्या कापडाची १५० मायक्रॉनच्या आसपास. पहिल्या कापडात मोठे वनस्पतिप्लवक अडकतात, दुसरं प्राणिप्लवकांसाठी. दोन्हींची शंकूसारखी लांब टोपी शिवा. तोंडाला ३० सेंटिमीटर व्यासाची तारेची कडी आणि शेपटाला प्लास्टिकची छोटी बाटली घट्ट बांधायची.

नवखे लोक हे जाळं दोरीला बांधून जेट्टीवरून ओढतात. गणित सोपं वाटतं: ३० सेंटिमीटरचं तोंड १० मीटर ओढलं की सुमारे ७०० लिटर पाणी गाळलं गेलं. प्रत्यक्षात पावसाळ्यात ते जाळं दोन मिनिटांत गाळाने तुंबतं आणि पाणी आत शिरण्याऐवजी बाजूने निघून जातं. माझा सल्ला असा की पहिलं वर्ष ओढू नका, ओता. दहा लिटरच्या बादलीने दहा वेळा पाणी काढून जाळ्यातून ओतलं की बरोबर १०० लिटर होतात, वाद नाही. पाठ दुखते, पण आकडा खरा असतो.

सूक्ष्मदर्शकाबाबत हावरट होऊ नका. कोपेपॉड नावाचे बारीक प्राणिप्लवक दहा पट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली, काळ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या बशीत उत्तम दिसतात. डायटम या एकपेशीय वनस्पतिप्लवकांसाठी १०० पट पुरेसं. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेला कागदी फोल्डस्कोप १४० पट दाखवतो आणि खिशात मावतो. त्यावर डोळा बसायला मात्र आठवडा जातो.

याशिवाय थर्मामीटर, क्षारता मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणि एक सेकी तबकडी. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली वापरात आणलेली ही युक्ती अजून कुणाला मागे टाकता आलेली नाही. ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी वजन बांधून दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होईल ती खोली लिहायची. घरातल्या जुन्या थाळीला पांढरा रंग देऊन चालतं.

कुठे, केव्हा

जागा एकच ठेवा. खाडीच्या मुखाजवळची जेट्टी सगळ्यात बरी, पण तिथे एक फसगत असते. भरतीला तुमच्या बादलीत समुद्र येतो, ओहोटीला खाडी. एका खेपेला भरती आणि पुढच्या खेपेला ओहोटी घेतलीत तर ऋतू बदलल्यासारखा वाटेल आणि बदललेला असेल फक्त तास. म्हणून दर वेळी भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास धरा. उधाणाला तळाचा गाळ ढवळून वर येतो, तेव्हा शक्यतो अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, गाठा. महिन्यात दोन भांग मिळतात, म्हणजे वर्षात पंचवीसेक नमुने. पुष्कळ झाले.

संध्याकाळ झाल्यावर गेलात तर प्राणिप्लवक जास्त मिळतील, कारण त्यांतले कित्येक दिवसा खोल जातात आणि अंधारात वर येतात. पण मग बाराही महिने संध्याकाळच धरायला हवी.

जून ते ऑगस्ट जेट्टीच्या टोकाला जायचं नाही, हे आत्ताच ठरवून टाका. मासेमारी बंदी सध्या १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. अनुभवी लोक होड्या वर ओढून बसलेले असताना आपण बादली घेऊन लाटांत उतरण्यात शौर्य नाही. खाडीच्या आतल्या सुरक्षित धक्क्यावरून नमुना घ्या आणि जागा बदलल्याची नोंद करा. याच दिवसांत मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याने ब्लू बॉटल येऊन पडतात. निळे, फुग्यासारखे, फार सुंदर आणि मेल्यावरही डंख मारणारे. हात लावायचा नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात जाळं टाकायचं असेल तर वन खात्याची परवानगी आधी.

पहिली बरणी घरी आल्यावर

पहिला तास जिवंत पाहण्यात घालवा. बरणी अंधाऱ्या खोलीत ठेवून एका बाजूने विजेरी लावा. बरेचसे कोपेपॉड आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, गाळ खाली बसतो. पावसाळ्यात बरणीत दिसणारं ‘भरपूर प्लवक’ बहुतेक वेळा पानांचा चुरा आणि चिखल असतो, आणि या युक्तीने ते लगेच उघड होतं. उजेडाकडचं पाणी ड्रॉपरने उचला.

नावं पाठ करू नका, रूपं ओळखा. तांदळाच्या कणीला दोन लांब मिशा फुटल्यासारखा, झटके देत पळणारा तो कोपेपॉड. एका डोळ्याचं, सहा पायांचं, गरगरणारं ते त्याचं पिल्लू. काचेच्या सुईसारखा सरळ, क्षणात झडप घालणारा तो बाणकिडा, आणि कोपेपॉडचा काळ तोच. डोक्यावर काटा असलेलं ते खेकड्याचं पिल्लू. वनस्पतींत, चाळणीसारखी गोल नक्षीची चकती म्हणजे कॉसिनोडिस्कस, केसाळ साखळी म्हणजे कीटोसेरॉस, मण्यांची बारीक माळ म्हणजे स्केलेटोनेमा. हे सगळे डायटम, सिलिकेच्या काचघरात राहणारे. एवढ्यावर पहिले सहा महिने निभतात.

ठेवायचा नमुना लुगॉलच्या आयोडीन द्रावणाचे थेंब टाकून फिक्या चहाच्या रंगाचा करा. फॉर्मॅलिन घरात आणू नका.

आता खरं काम: कोण कुणाला खातंय?

इथे बहुतेक जण चुकतात. ते मोजतात फक्त किती आहे. पण १९९६ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अरबी समुद्राच्या वरच्या थरात मध्यम आकाराच्या प्राणिप्लवकांचं एकूण वजन ऋतूप्रमाणे फारसं हलत नाही. वनस्पतिप्लवक कधी उसळतात, कधी जवळजवळ नाहीसे होतात, पण त्यांच्यावर जगणारे मात्र बारा महिने टिकून. याला ‘अरबी समुद्राचं कोडं’ म्हणतात. हे खुल्या समुद्राबद्दल आहे, खाडीत चढउतार जास्त असतात. पण शिकण्यासारखं तेच आहे: जेवणारे तेच राहतात, स्वयंपाकघर बदलतं. तुमच्या वहीत दर नमुन्याखाली बाणांचं एक चित्र काढा, उन्हापासून माशापर्यंत. ते चित्र कधी आखूड होतं आणि कधी लांबतं, ते पाहण्यासाठी वर्षभराचा खटाटोप.

जून ते सप्टेंबर हे चित्र सगळ्यात आखूड. नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरतं आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळात याचा जोर सर्वांत जास्त, कारवार-गोव्यापर्यंत तो येतो, उत्तर कोकणात क्षीण होतो. तिथे वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका यांसारख्या नद्या सह्याद्रीवरून सिलिका आणतात. डायटमना आणखी काय हवं? पाऊस जरा उघडला, पाणी थोडं निवळलं की ते दिवसाला एकदा-दोनदा दुप्पट होतात. मांडवी-झुवारीच्या पाण्यात स्केलेटोनेमा याच काळात भरभरून दिसतो. तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर एरवीचा ३५ च्या आसपासचा आकडा धाडकन खाली आलेला असेल.

आणि मग तारली. डायटम थेट गाळून खाणारा हा मासा, मधल्या दलालाशिवाय. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलॅरिया ओशियानिका या डायटमचा बहर आणि तारलीची रेलचेल यांचा संबंध शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच मांडला होता. तुम्हाला ते स्वतः तपासता येतं, तेही बाजारात. मासळी घेताना मावशींना सांगा, साफ करू नका, तसेच द्या. घरी कल्ला उघडून पाहा: आतल्या काड्या बारीक कंगव्यासारख्या दाट. सुरमईच्या कल्ल्यात त्या मोजक्याच असतात, तिला गाळायचं नसतं, पकडायचं असतं. तारलीचं जठर चिरून आतला लगदा पाण्याच्या थेंबात पसरवा. हिरवट-तपकिरी लगद्यात चकत्या आणि साखळ्या दिसल्या तर बाण सरळ डायटमवरून तारलीवर काढा. बांगड्याच्या पोटात बहुधा कोपेपॉडचे पाय आणि मिशाही सापडतील, म्हणजे मध्ये एक पायरी जास्त. घरच्यांना हा प्रयोग आवडत नाही. ओट्यापासून दूर करा.

पायऱ्या का मोजायच्या? कारण ढोबळमानाने प्रत्येक पायरीवर दहातला एक भाग पुढे जातो. हजार किलो डायटमवर शंभर किलो तारली. तेच अन्न चार पायऱ्या चढून गेलं तर हजार किलोचे शंभर ग्रॅम उरतात. प्रत्यक्षात सूक्ष्मजीवांच्या पायऱ्या याहून कमी उधळ्या असतात, पण दिशा हीच.

ऑक्टोबर, वेगळ्या खान्यातला

नारळ वाहून झाले, होड्या समुद्रात गेल्या, पाणी वरून शांत आणि हिरवट. वरवर पाहता वर्षातला सगळ्यात सुखी महिना. बरणीत कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं, बाणकिडे अशी जत्रा भरलेली असते. पण वर पावसाचं हलकं गोडसर पाणी झाकणासारखं बसलेलं आहे आणि खाली थंड पाणी कोंडलंय. पावसाळ्यात उगवलेलं आणि न खाल्लं गेलेलं सगळं त्या कोंडलेल्या पाण्यात सडतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. समुद्रशास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे जगासमोर मांडलं. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षं नमुने घेत आली आहे, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सापडतो.

जेट्टीवरून हे दिसत नाही. पण तळातली मासळी उथळ पाण्यात किंवा वर आलेली कोळी बांधवांना दिसते. त्यांच्याशी बोला, विचारा, तारीख लिहा.

थंडी: एकच किनारा, दोन हिवाळे

नोव्हेंबरनंतर उत्तरेकडचा कोरडा गार वारा सुटतो. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं, आणि खालचं खत वर ढवळलं जातं. तिथे दुसरा बहर येतो. गोव्याकडे मात्र या दिवसांत किनाऱ्याचा प्रवाह उलटा, उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी घेऊन येतो. हलकं पाणी वर तरंगलं की ढवळणं थांबतं. म्हणून डहाणूच्या मित्राची वही आणि वेंगुर्ल्याच्या मित्राची वही जानेवारीत जुळत नसेल तर कुणी चुकलेलं नाही.

याच सुमारास कधीतरी रात्री लाटा निळ्या पेटतात आणि फोनवर व्हिडिओ फिरायला लागतात. बहुतेक वेळा ती नॉक्टिल्युका. एकाच पेशीची, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, भिजलेल्या साबुदाण्याच्या अगदी बारीक दाण्यासारखी. भिंगाखाली एक शेपूट हलताना दिसतं. पाणी हललं की चमकते. लोक चमक पाहून परततात. तुम्ही मात्र एक बाटली भरा, कारण आहारजाळ्यात ही मोठी वांड आहे. ती डायटम खाते, कोपेपॉडची अंडीसुद्धा गिळते, म्हणजे जो तिच्यावर जगू शकला असता त्याचीच पुढची पिढी संपवते. उत्तर अरबी समुद्रातली हिरवी नॉक्टिल्युका तर पोटात हिरव्या शेवाळपेशी पाळते आणि त्यांच्या कमाईवरही जगते. तिला खाणारे मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक तरंगते प्राणी) आणि जेलीफिश. बाण तारलीकडे न जाता जेलीकडे वळला, हे वहीत ठळक काढा. पाण्याचा रंग बदललेला असेल त्या दिवसांत कालवं-तिसऱ्या खाऊ नका. सगळे बहर विषारी नसतात, पण डोळ्यांनी फरक कळत नाही.

मार्च ते मे: उपाशी पाणी

तारकर्लीला पर्यटक ज्या निळ्या-नितळ पाण्याचं कौतुक करतात ते उपाशी पाणी असतं. वारा पडलेला, वरचा थर तापलेला, खालचं खत खालीच. सेकी तबकडी खोल जाते, १२० धाग्यांच्या जाळ्यात जवळजवळ काही नाही. नवखा माणूस इथे लिहितो, ‘प्लवक नाहीत’. पण शेजारच्या जाळ्यात बारीकसे कोपेपॉड आहेतच. मग ते जगतात कशावर?

तुमच्या कापडाच्या भोकांतून जे निसटतं त्यावर. या दिवसांत उत्पादन करणारे असतात दोन मायक्रॉनपेक्षाही लहान सूक्ष्मजीव. एवढ्या लहान घासाला कोपेपॉड तोंड लावू शकत नाही. म्हणून आधी शेपटीवाले एकपेशीय जीव त्यांना खातात, त्यांना रोमवाले सिलिएट, आणि सिलिएटना कोपेपॉड. पाण्यात विरघळून वाया जाणारं अन्नसुद्धा जिवाणू उचलतात आणि याच रांगेत परत आणतात. मधुप्रतापांच्या कोड्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. वहीतलं चित्र आता लांबलचक होतं, आणि त्यातले निम्मे बाण तुम्ही न पाहता, तर्काने काढलेले असतात. ते तुटक रेषेने काढा.

याच दिवसांत पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे दिसले तर तेलाची गळती म्हणून ओरडा करण्याआधी भिंग लावा. आगपेटीतल्या काड्यांच्या जुडीसारखे धागे दिसले की ते ट्रायकोडेस्मियम. याला नायट्रेटची वाट पाहावी लागत नाही, हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वापरून ते स्वतःचं खत बनवतं. खाणारे फार थोडे, त्यांतला एक मॅक्रोसेटेला नावाचा बारीक कोपेपॉड, तो त्या जुड्यांवर चढूनच बसतो.

वरून एकदा पडताळून पाहा

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते. तिचे नकाशे कुणालाही पाहता येतात. तुमच्या तारखेचा नकाशा वहीत चिकटवा. एक गंमत लक्षात येईल: समुद्र सर्वांत सुपीक असतो त्या जून-ऑगस्टमध्ये नकाशावर पांढरे डाग, कारण ढगांमुळे हरितद्रव्य मोजणाऱ्या उपग्रहाला पाणीच दिसत नाही. तेवढ्या दिवसांपुरती तुमची बादली उपग्रहाच्या पुढे आहे.

सुरुवात ऑक्टोबरातल्या पहिल्या भांगाला करा. पाणी निवळत असतं, जेट्टीवर जाता येतं आणि बरणीत पाहायला भरपूर असतं. मे महिन्यात सुरू करणारे रिकामी जाळी पाहून सोडून देतात. बरणीत तारीख, वेळ, भरतीची स्थिती, तापमान, क्षारता आणि किती लिटर गाळले ते लिहिलेली कागदाची चिठ्ठी आतच टाका, बाहेर चिकटवलेली निघून जाते. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात उतरते.